ताट कुठं मांडणार?

कळसगावात समाधानला धारा काढताना कुणी पाहिलं नव्हतं. पाहिलं असलं तरी तसं कुणी म्हणत नव्हतं. पहाटे मळक्या बनियनवर, गुडघ्यांत बादली धरून म्हशीखाली जो बसलेला असे तो कुणी वेगळा माणूस. ऊन वर आल्यावर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून चौकातल्या बाकावर बसणारा आणि 'गोठ्याचं आमची माणसं बघतात' असं सांगणारा, तो समाधान. माणसं म्हणजे कोण, हे विचारायची गावात रीत नाही. शेवटचा बिहारी गडी होळीला गावी गेला तो तिकडेच राहिला, आणि तेव्हापासून 'माणसं' म्हणजे समाधान आणि त्याची बायको ललिता.

शेत होतं तिथे आता सोसायटी होती. बिल्डरने कुरण बुजवलं आणि इमारतीला इंग्रजीत कुरणाचंच नाव दिलं. त्या नावावर भाळून आलेल्या लोकांना कुरणात चरणाऱ्या जनावराचा वास मात्र सहन होईना. सकाळी गोठ्यातलंच दूध चहाला घ्यायचं आणि दुपारी गोठ्याविरुद्ध अर्ज करायचा, असा त्यांचा दिनक्रम. अर्जांना फळ आलं. पावसाळ्याआधी गोठा हलवा, अशी महापालिकेची नोटीस आली. समाधानने वाघोलीच्या पलीकडे जागा बघितली. भाडं ऐकून म्हशीसुद्धा परत फिरल्या असत्या.

म्हणून ललिताने मोबाईलवर शोध घेतला. ती बी.ए. झालेली, आणि नवऱ्याच्या शर्टावर विसंबून राहण्याइतकी भाबडी नव्हती. युरोपात स्लोव्हेनिया म्हणून देश आहे, तिथे डोंगरात एका शेतकऱ्याचा गाईंचा गोठा आहे, त्याला गडी हवाय, हे तिने शोधून काढलं. अर्ज कोथरूडच्या एका ऑफिसातून गेला. भरला मात्र समाधानने, एकट्याने बसून. तिथेच घोटाळा झाला.

कोथरूडच्या ऑफिसात सौमित्र नावाचा तरुण गृहस्थ बसत असे. समाधान आणि ललिता आत आले तसा त्याने अर्ज टेबलावर पसरला.

"बसा. खुर्च्या त्यासाठीच ठेवल्यात. मला एक सांगा, आपल्याला नोकरी पाहिजे की सोयरीक?"

"म्हणजे?" समाधान म्हणाला.

"हा फोटो. फेटा, गॉगल, मोटारीच्या बॉनेटवर हात. मोटार आपली?"

"चुलतभावाची."

"आणि हे, 'हाताखाली चार माणसं. वडिलोपार्जित बागायत.' बागायत आहे?"

"होती."

"मग 'होती' लिहायचं. भूतकाळ इंग्रजीतही असतो."

ललिताने ओठ आवळले. हसू होतं की राग, ते समाधानला बघायचं नव्हतं. तो टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत बसला. माणूस गडी म्हणून अर्ज करतो आणि आपण किती मोठे मालक आहोत याचे पुरावे जोडतो, ही चूक आमच्या भागात शिकवावी लागत नाही. दुबळा दिसला तर कोण विचारणार, हा त्यामागचा हिशोब. लग्नाच्या बाजारात तो बरोबर आहे.

"त्या शेतकऱ्याचं उत्तर आलंय," सौमित्र म्हणाला. "तो लिहितो, हा माणूस मालक आहे, माझ्याकडे शेण कशाला काढेल? महिन्यात पळून जाईल. आणि त्याचं म्हणणं रास्त आहे. परवान्याचा अर्ज त्याने करायचाय, तुम्ही नाही. तिकडे राहण्याचा परवाना वेगळा आणि कामाचा वेगळा, असं नसतं. दोन्ही मिळून एकच कार्ड, आणि ते त्याच्याकडच्या कामाशी बांधलेलं. काम सुटलं की राहणंही सुटलं. दुसऱ्याकडे जायचं तर आधी याची लेखी संमती."

"मग आता?" ललिताने विचारलं.

"आता त्याला यांना काम करताना बघायचंय. तुमच्या गोठ्यातून व्हिडिओ कॉल. दुपारच्या धारेला. त्यावर तो काय ते ठरवेल. त्याच्यापुढे दुसरा एक उमेदवार आहे, नेपाळचा. त्याच्या फोटोत गाय आहे, मोटार नाही."

घरी आल्यावर समाधानने आईला सगळं समजावलं. तुळजाबाई ओसरीवर सरकीची पेंड भिजवत होती. कोपरापर्यंत हात घमेल्यात. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी त्याच्याच हितं ऱ्हायाचं, त्याचंच काम करायचं?"

"हां."

"आन् मदीच सोडून दुसऱ्याकडं जाता येत न्हाई?"

"त्यानं लिहून दिलं तर येतं."

"मग येवढं इंग्रजी कशाला पायजे? सालगडी म्हन की सरळ!"

सालगडी म्हणजे पाडव्याला ठरायचा, मालकाच्या घरी राहून वर्षभर राबायचा, आणि पुढचा पाडवा येईपर्यंत हलायचा नाही. या घराने सालगडी ठेवले होते. घरातून सालगडी धाडला नव्हता. तुळजाबाईने हात घमेल्यातून काढले, पेंड बोटांवरून निथळू दिली.

"तुझ्या बापाला कळलं असतं तर..."

"आत्या," ललिता म्हणाली, "गडी ठेवायला आधी घराला शेत लागतं. आपलं त्या सोसायटीच्या पार्किंगखाली आहे."

सुनेचं बोलणं तुळजाबाईला लागलं, पण खऱ्याला खोटं म्हणायची तिला सवय नव्हती. दुपारच्या धारा झाल्या. मग दुधाच्या किटल्या धुता धुता ती म्हणाली, "जायाचंच तर बिनअकलेनं जायाचं न्हाई. या घरात कुनाला गडी व्हता येतंय? चल, सीतारामाला इचारू."

सीताराम आष्टीकडच्या दुष्काळातून आलेला. समाधान शाळेत जाऊ लागला तेव्हापासून त्याला मिसरूड फुटेपर्यंत तो या घरी सालगडी होता. आता त्याच्या मुलाचे मार्केट यार्डात टेंपो होते आणि विश्रांतवाडीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट. हाफ पँट आणि बनियन घातलेल्या सीतारामने स्वतः दार उघडलं.

"या, या, मालकीणबाई! लिफ्ट चालू हाय का पायानं आला?"

"चालू हाय," तुळजाबाई म्हणाली, आणि सोफ्याच्या कडेवर, उठायला सोपं जाईल अशी टेकली. सीताराम समोर ऐसपैस बसला. त्याला खुर्चीवर बसलेला ती पहिल्यांदाच पाहत होती. त्याला 'तू' म्हणावं की 'तुम्ही', हे लिफ्टमध्ये ठरवायचं राहून गेलं होतं. म्हणून ती दोन्ही टाळून बोलू लागली. "तब्येत बरी ना? गुडघं दुखत असतील आता." असं बोलणं फार वेळ चालत नाही. तिने मुलाला खुणावलं.

समाधानने एकच कार्ड, एकच मालक, राहणं आणि काम एकत्र, सगळं सांगितलं. सीताराम हसायला लागला तो खोकला लागेपर्यंत हसला. सून पाणी घेऊन आली.

"माफ करा. पन मालक, आपल्या धंद्याला वारसदार गावंल असं वाटलं न्हवतं. त्यो बी तुमच्याच घरात!"

समाधानचे कान तापले. तुळजाबाई म्हणाली, "हसून झालं असंल तर पोराला काय इचारायचं त्ये सांगावं."

सीताराम गंभीर झाला. म्हणजे हसू डोळ्यांत ठेवून तोंड सरळ केलं.

"पगार इचारू नगं. त्यो लिवलेला असतोय. पयलं इचार, ताट कुठं मांडनार. त्येच्यावरनं मानूस कळतोय. आमचं ताट गोठ्याच्या वळचणीला. पावसाळ्यात मजा असायची, आमटी कधी संपायचीच न्हाई. वरनं पागोळी वाढायची."

त्याने ते रागाने सांगितलं नाही. यार्डातला कांद्याचा भाव सांगावा तसं सांगितलं. तुळजाबाई पंख्याकडे बघत होती.

"आन् दुसरं, पेटी," सीताराम म्हणाला. "पेटी कुनाच्या ताब्यात ऱ्हानार?"

"पेटी?"

"तुझा त्यो पासपोर्ट काय असतोय, ती पेटीच की. मला यार्डात हमालीचं काम लागलेलं. पोत्यामागं पैसा, रातीला घरी. साल भरलं न्हवतं. थोरल्या मालकांनी माझी कपड्यापैशाची पेटी कुलपात अडकवून ठिवली. साल भरस्तवर ती जागा दुसऱ्याला गेली. मग मला आनखी दोन सालं काढावी लागली."

"मालकांचा हट्ट हुता त्यो," तुळजाबाई म्हणाली.

"व्हय, हट्ट मालकांचा. पन किल्ली कुनाच्या कमरंला हुती?"

सुनेने चहा आणला. बशांवर गुलाबाची नक्षी होती. तुळजाबाईने कप उचलला, तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"माझ्या," ती म्हणाली.

"चहा घ्या. गार हुईल," सीताराम म्हणाला, आणि त्याने स्वतःचा कप बशीत ओतून भुरका मारला. निघताना लिफ्टपर्यंत आला. "त्यो फोन कवा हाय? मी बी येतो बगायला. लई वर्सं वाट बघितली."

कॉलच्या दिवशी चैत्राचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. बातमी गावाला आपोआप कळते. चौकातला बाक उठून गोठ्याच्या कुंपणाशी आला होता. सोसायटीच्या बाल्कन्यांतही लोक उभे होते. त्यांना एरवी वास येई, आज येत नव्हता. सौमित्र कोथरूडहून स्कूटरवर आला होता. तोंडाला मास्क लावून तो एका विटेवर उभा होता आणि वीट डगमगली की मोठ्याने श्वास घेत होता. सीताराम भिंतीला टेकून उकिडवा बसला, अगदी त्याच्या जुन्या जागी. बहुधा मुद्दाम.

समाधान आला. पांढरा शर्ट, भांगात तेल, अंगाला अत्तर. ललिताने नवऱ्याकडे पाहिलं आणि काही बोलण्याआधीच मोबाईलमध्ये तो शेतकरी उगवला. लाल तोंडाचा, टोपी घातलेला, त्याच्या स्वतःच्या गोठ्यात उभा. मागे गाईंच्या ढुंगणांची रांग. गावातल्या लोकांना तो ताबडतोब ओळखीचा वाटला.

"काम करू द्या म्हणतोय. बोलणं नंतर," सौमित्रने सांगितलं.

समाधान बाह्या दुमडून बिजलीखाली बसला. बिजली ही गोठ्यातली सगळ्यात गरीब म्हैस. तिने मान वळवली, फुरफुरली. अत्तर तिच्या नाकात गेलं असावं. समाधानने कास धुतली, सडं ओढली. थेंब येईना. पुन्हा ओढली. बिजलीने पान्हा चोरला होता. मग तिने पाय झाडला आणि बादली घरंगळत सौमित्रच्या विटेपाशी गेली.

"म्हैस पण नोटीस देते वाटतं," सौमित्र मास्कमधून म्हणाला.

कुंपणाशी हशा पिकला. समाधानच्या गळ्यावरून घाम शर्टात उतरत होता. तो मोबाईलकडे बघून म्हणाला, "त्यांना सांगा, रोजचा माणूस आज सुट्टीवर आहे. तिला त्याची सवय आहे."

सौमित्रने इंग्रजी केलं. पलीकडच्या लाल तोंडावरची हालचाल थांबली. त्याने घड्याळाकडे पाहिलं. मालक आहे, मालकच राहणार, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं वाचायला कुणा दुभाष्याची गरज नव्हती. ललिताचा मोबाईल धरलेला हात थोडा खाली आला.

"समाधान!" तुळजाबाईचा आवाज बाल्कन्यांपर्यंत गेला. "काढ त्यो शर्ट! म्हशीला मालक वळखू येईना!"

या बाईने आयुष्यभर त्या शर्टाला इस्त्री केली होती. समाधान उठला. शर्ट त्याने दावणीच्या खुंट्याला अडकवला, कोनाड्यातलं बनियन ओढून घातलं. शेण, दूध, पेंड, घाम, सगळ्याचे थर त्यावर होते. तोंडावर पाणी मारलं. मग बिजलीच्या पाठीवर थाप देऊन तिच्या कुशीला डोकं टेकलं, आणि तो पहाटे जे पुटपुटत असे ते पुटपुटला. ते काय होतं हे गावाला पहिल्यांदाच कळलं. आईवरून शिवी होती, पण फार प्रेमाने दिलेली.

बिजलीने रवंथ सुरू केला. तिचा मागचा पाय सैल पडला. पहिली धार पत्र्याच्या बादलीवर वाजली, मग दुसरी, मग आवाज जाड होत गेला आणि फेस चढू लागला.

मोबाईलमधला माणूस खदखदून हसला. काहीतरी बोलला.

"त्याच्या गाई पण धुतलेले कपडे ओळखत नाहीत म्हणतोय," ललिता म्हणाली. "आणि विचारतोय, रोज हे काम कोण करतं?"

समाधानने डोकं म्हशीच्या कुशीवरून उचललं नाही. सौमित्रची वाटही पाहिली नाही. "आय," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "मी अँड माय वाईफ. नो अदर मॅन. लँड आल्सो नो. फिनिश."

चौकातल्या बाकाने ते ऐकलं. बाल्कन्यांनी ऐकलं. आभाळ पडलं नाही. बिजलीने शेपूट हलवली, ती माशीसाठी.

"आता इचार," तुळजाबाई सुनेला म्हणाली. "ताट कुठं मांडनार?"

सौमित्र चमकला. "असं नसतं विचारायचं हो. कराराच्या मसुद्यात निवास, भोजन वगैरे..."

ललिताने मोबाईल तोंडासमोर धरला आणि स्वतःच विचारलं. शेतकऱ्याला आधी कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, हाताने घास दाखवला. तो थोडा वेळ टोपीखाली डोकं खाजवत राहिला. मग मोबाईल हातात घेऊन चालू लागला. चिखल दिसला, लाकडी पायऱ्या दिसल्या, कुत्रा भुंकला, आणि एक स्वयंपाकघर आलं. जाड लाकडाचं टेबल, भोवती बाक. एक म्हातारी बाई पातेल्यात काहीतरी ढवळत होती, ती दचकली. शेतकऱ्याने बाकाच्या टोकावर हात ठेवला.

"दुपारचं जेवण इथे, सगळ्यांबरोबर," ललिता ऐकत सांगू लागली. "दुपारी कुणालाच वेगळं रांधायला वेळ नसतो. रात्रीचं आपलं आपण. गोठ्यावर खोली आहे, तिथे शेगडी आहे. रात्री त्याला घरात परकं माणूस आवडत नाही, म्हणतोय."

सौमित्रने कपाळाला हात लावला. तुळजाबाईची मान मात्र हलली.

"मानूस खरा हाय. 'घरच्यासारखं ठिवू' म्हनला असता तर पोरगं धाडलं नसतं. आमी समद्यांना तसंच म्हनायचो."

भिंतीपाशी सीताराम खाकरला. "पेटीचं ऱ्हायलं."

पेटीचंही विचारलं. पासपोर्ट ज्याचा त्याच्या खिशात, तसा कायदाच आहे, असं उत्तर आलं. आणि सोडून जायचं झालं तर महिनाभर आधी सांगावं, तो संमती लिहून देईल. लिहून देईल की नाही, ते तिकडे गेल्यावरच कळणार होतं. पण विचारल्यावर त्याने नजर चुकवली नव्हती, हे सीतारामने भिंतीपाशी बसून टिपलं होतं.

बादली भरली. समाधान ती घेऊन उभा राहिला आणि सवयीने शर्टाकडे गेला. मग तो तसाच खुंट्यावर राहू दिला आणि दूध गाळायला निघून गेला.

पुढचं सगळं त्या देशाच्या चालीने झालं, म्हणजे सावकाश आणि न चुकता. तिकडे शेतकऱ्याने अर्ज केला. इकडे समाधान दिल्लीला जाऊन बोटांचे ठसे देऊन आला. धारांनी बोटांच्या रेषा झिजल्या होत्या, यंत्राला दोनदा घ्यावे लागले. परवाना मंजूर झाल्याचं सौमित्रने फोनवर कळवलं, आणि कोथरूडच्या मानाने फारच मोकळेपणाने अभिनंदन म्हणाला. म्हशी वाघोलीकडच्या एका गवळ्याने नेल्या. बिजली टेंपोत चढेना, तेव्हा समाधानने बनियन काढून त्या गवळ्याच्या खांद्यावर टाकलं. मग चढली. ललिता मागेच राहणार होती, तिने रतीब सोडला नाही. आता ती त्याच गवळ्याचं दूध त्याच सोसायटीत घालू लागली. वास नसल्यामुळे दूध पातळ झालंय अशी तिथे तक्रार होती.

निघण्याच्या आदल्या दिवशी तुळजाबाईने सीतारामला दुपारी जेवायला बोलावलं. तो स्वच्छ धोतर नेसून आला. पायरीशी चपला काढल्या आणि सवयीने गोठ्याच्या बाजूला वळला. तिथे आता नुसते खुंटे होते. वरचे पत्रे उतरवले होते, मोकळ्या जागेवर उन्हाचा चौकोन पडला होता.

"तिकडं न्हाई," तुळजाबाई म्हणाली. "आत."

मधल्या घरात दोन पाट मांडले होते, शेजारी शेजारी. एक समाधानचा, एक सीतारामचा. स्टीलची ताटं, एकाच मापाची. ललिता वाढत होती, तुळजाबाई चुलीपाशी पोळ्या लाटत होती. सीतारामने पाटावर बसून पाय नीट दुमडले, ताटाभोवती पाणी फिरवलं, आमटीत पोळी बुडवून घास तोंडात टाकला. चावला. थांबला.

"मालकीणबाई, आमटीत मीठ कमी हाय."

तुळजाबाईचं लाटणं थांबलं. "आजच कमी पडायचं व्हतं व्हय?"

"आजच कुठलं? तवा बी कमीच असायचं. भायेर बसून सांगायचं कुनाला?"

ललिता मीठ आणायला वळली. तुळजाबाईने तिला हाताने थांबवलं. ती स्वतः उठली, एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर. फळीवरची मिठाची वाटी घेऊन आली, वाकली, आणि त्याच्या ताटात तिने आपल्या बोटांनी मीठ वाढलं.

"घ्या, सीतारामभाऊ."

त्याने मीठ आमटीत कालवलं, पुन्हा घास घेतला आणि मान डोलावली. तुळजाबाई वाटी घेऊन तशीच उभी होती. मुलाकडे बघून म्हणाली, "आन् तू रं, ऐकलंस ना? तिकडं मीठ कमी असलं तर पयल्याच दिशी सांगायचं."

समाधानच्या तोंडात घास होता. त्याने तो गिळला, आईकडे पाहिलं, आणि आपलं ताट तिच्यापुढे सरकवलं.

"मग मला पण वाढ," तो म्हणाला.